सहीच्या आधी रक्तप्रवाह

पायाची नाडी बघायला यंत्र लागत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, साधारण मधोमध, दोन बोटं हलकी टेकवली की एक ठोका लागतो. दुसरा लागतो आतल्या घोट्याच्या मागे. मनगटावर बघतो तितकंच सोपं. बोटांना नाही लागला तर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा पेनाएवढा डॉपलर असतो, त्यात ‘शूऽ शूऽ’ असा आवाज येतो किंवा येत नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, घेऊन आम्ही पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे यातलं काहीच झालं नाही. पायावरचं फडकं काढलं, वासानेच सगळ्यांनी माना वळवल्या आणि संध्याकाळपर्यंत संमतीपत्र माझ्या हातात होतं: उजवा पाय, गुडघ्याखालून.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शुगर त्याच्याही आधीपासूनची. गोळ्या चालू होत्या, पण ‘बरं वाटतंय’ म्हणून मधूनच बंद पडायच्या आणि बरं वाटेनासं झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. ज्या घरात शुगर आहे त्या घरात हे सांगायची गरज नाही. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत आलं. त्यात गोव्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, प्रौढांमध्ये 26 टक्क्यांहून अधिक. म्हणजे अण्णांसारखे पाय गल्लोगल्ली आहेत.

आधी पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळवे जळायचे. मग ते थांबलं आणि घरात सगळ्यांना वाटलं, बरं झालं. प्रत्यक्षात मुंग्या थांबल्या त्या संवेदनाच गेली म्हणून. अण्णा अंगणातून घरात यायचे तेव्हा एक चप्पल पायात आणि दुसरी मागे पायरीवर पडलेली असायची. पायातून चप्पल सुटलेली त्यांना कळायची नाही. आई हसायची. पायाची संवेदना मेल्याची ती खूण होती, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला त्यांना घट्टा होता. भोवरी म्हणून कॉर्न कॅप लावून झाली, ब्लेडने तासून झालं. शेजारच्या काकूंनी बिब्याचा चटका द्यायला सांगितला, तोही दिला. कॉर्न कॅपमध्ये कातडी विरघळवणारं आम्ल असतं आणि बिब्याचं तेल तर चांगल्या कातडीलाही फोड आणतं. ज्याला दुखतं तो ओरडतो आणि थांबतो. अण्णांना काही लागलंच नाही, म्हणून कुणी थांबलं नाही. घट्ट्याखाली रक्त साकळलं, मग पाणी झालं, मग पू. वरून कातडी जाड आणि अखंड. एक दिवस मोज्याला डाग दिसला. आठवडाभरात शेजारचं दुसरं बोट काळं पडलं, पाऊल सुजलं, थंडी वाजून ताप आला आणि शुगर चारशेच्या वर गेली.

त्या संध्याकाळी मी सही केली नाही, पण यात शहाणपणापेक्षा घाबरणं जास्त होतं. माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, “पायातला रक्तप्रवाह मोजलाय का, ते विचार. बीपी नीट आहे का, तेही विचार.” बीपी ठीक होतं. रक्तप्रवाहाचं उत्तर आलं ते असं: “आता मोजून काय करणार? पाय गेलेलाच आहे.” त्याच डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि इन्सुलिन मात्र लगेच सुरू करून दिलं. तेवढं त्यांचं श्रेय मी मान्य करते, कारण त्याच्या जोरावर आम्ही रात्रीच अँब्युलन्सने पुण्याला निघू शकलो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बीपी खाली जात असेल, रुग्ण बरळत असेल, पायात दाबल्यावर कुरकुर आवाज येत असेल, तर शहर बदलायला वेळ नसतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असताना पाय काढणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असू शकतो. ‘पाय कापणारा डॉक्टर वाईट आणि वाचवणारा चांगला’ असं हे प्रकरण नाही. माझं म्हणणं फक्त न मोजता कापण्याबद्दल आहे.

पुण्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जननी अण्णांचा पाय हातात घेतला. ते वासाने मागे सरले नाहीत. त्यांनी बोटं टेकवली आणि मान हलवली. ठोका नव्हता. मग दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, असा तो हिशोब असतो. उत्तर 0.9 च्या खाली आलं तर पायाची रक्तवाहिनी चोंदलेली धरतात. अण्णांचं उत्तर 1.5 आलं! मी म्हटलं, म्हणजे चांगलंच की. डॉक्टर म्हणाले, “ताई, हे फसवं आहे. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साठतो. पट्टा कितीही आवळला तरी त्या दबत नाहीत, म्हणून आकडा वर जातो.” मग पायाच्या अंगठ्याला अंगठीएवढा छोटा पट्टा बांधला, कारण बोटांतल्या बारीक वाहिन्यांत हा चुना कमी साठतो. तिथे दाब तिसाच्याही खाली निघाला. एवढ्या रक्तावर जखम भरत नाही. पाय कापला असता तरी कापलेली जागा भरली असती का, हाही प्रश्नच होता.

आम्ही ऊसपट्ट्यातली माणसं. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कालवाच आला: धरणात पाणी आहे, मुख्य कालवाही वाहतोय, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला थेंब नाही. मधुमेहात रक्तवाहिन्या जास्त करून गुडघ्याच्या खालच्या चोंदतात. तिथे तीन वाहिन्या पायाकडे उतरतात आणि अण्णांच्या तिन्हींत कुठे ना कुठे अडथळा होता.

तरी त्या रात्री पहिलं काम रक्ताचं नव्हतं, पुवाचं होतं. डॉक्टरांचा क्रम ठरलेला होता: पू आधी, रक्त नंतर, कापणं शेवटी. पावलाच्या आत कप्पे असतात, त्यांत पू दाबून राहिला की चांगला भागही सडतो. म्हणून रात्रीतच तळवा उघडून पू काढला. जखम शिवली नाही, उघडीच ठेवली. बोथट सळईने आत चाचपलं तेव्हा ती हाडाला टेकली. सळई हाडाला लागली की हाडातही संसर्ग असल्याची शंका पक्की होते. हाडाचा तुकडा आणि खोलवरचं मांस कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायला, पाठवलं. जखमेवरून नुसता कापूस फिरवून दिलेल्या नमुन्यात वरवरचे जंतू येतात, खरा गुन्हेगार येत नाही, असं रेसिडेंट डॉक्टरांनी मला सांगितलं. रात्री दोन वाजता हे समजावून सांगायला त्या मुलीला वेळ होता, याचं मला अजून नवल वाटतं.

ताप उतरल्यावर अँजिओग्राफी. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण होता, त्यामुळे वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते रंगद्रव्य कमीत कमी वापरायचं आणि आधी-नंतर सलाईन द्यायचं असं ठरलं. मांडीच्या सांध्यातून बारीक तार आत गेली, तीनपैकी एक वाहिनी पावलापर्यंत उघडली, फुग्याने रुंद केली. अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाचीच, असं आमच्याकडे सगळे समजतात. अण्णा भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, “हार्टला काय नाय, पायाला ॲटॅक आला.” मला तर हे पुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमकं वाटलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती: उघडलेली वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकते. मग उपयोग काय? तर उघडी जखम भरायला जेवढं रक्त लागतं, तेवढं भरलेली कातडी टिकवायला लागत नाही. म्हणजे वाहिनी उघडी आहे तोवर जखम भरून घ्यायची. ही मुदत डोक्यात असल्यामुळे पुढचे महिने आम्ही कशातच ढिलाई केली नाही.

मग काळं बोट काढलं. फक्त ते बोट आणि त्यामागचा हाडाचा थोडा भाग. घोट्याच्या खाली जे कापलं जातं ते लहान, घोट्याच्या वर गेलं की मोठं, अशी डॉक्टरांची विभागणी आहे. हा फरक केवढा, ते वॉर्डात कळतं. टाच शिल्लक असलेला माणूस रात्री उठून संडासला स्वतः जाऊ शकतो. गुडघ्याखालून पाय गेला की कृत्रिम पायावर चालताना श्वास लागतो, गुडघ्यावरून गेला तर त्याहून कितीतरी जास्त, आणि वयस्क माणूस बहुतेकदा खुर्चीतच राहतो. त्यात दुसऱ्या पायावर भार वाढतो आणि तोही त्याच आजाराचा. घोट्याच्या वरून पाय कापल्यावर निम्म्याच्या आसपास मधुमेही पाच वर्षांत जातात. पायाच्या वाहिन्या चोंदल्या तशा हृदयाच्याही चोंदलेल्या असतात, हे त्यातलं मुख्य कारण.

वॉर्डात बसून मला कळलं की पाय जाण्याचे रस्ते अनेक आहेत. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर पस्तिशीचा एक विडी ओढणारा मुलगा होता. शुगर नाही, बीपी नाही. त्याला बर्गर नावाचा आजार होता. हातापायांच्या लहान वाहिन्या सुजून बंद होतात आणि तो आजार तंबाखूशिवाय वाढत नाही. त्यावर एकच खरा इलाज: तंबाखू पूर्ण बंद, कमी नव्हे. तो मुलगा दोन बोटं गमावून बसला होता आणि दुपारी जिन्यात जाऊन विडी ओढून यायचा. नर्स ओरडायची. अण्णांनी त्याला एकदा फैलावर घेतलं आणि मग स्वतःची बंडीच्या खिशातली विडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आई म्हणाली, “चाळीस वर्षं मी सांगत होते.”

समोरच्या आजींचं वेगळंच. त्यांना हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास, त्यावरची रक्त पातळ करणारी गोळी संपलेली. पाय एकाएकी दुखू लागला, पांढरा पडला, गार झाला. घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणलं. हृदयातली गुठळी पायात जाऊन अडकली होती. अशा पायाला साधारण सहा तासांची मुदत असते, त्यानंतर स्नायू मरायला लागतात. त्यांचा पाय गुडघ्यावरून गेला. एकाएकी गार पडलेला, दुखणारा पाय म्हणजे छातीत दुखण्याइतकीच घाई, हे आमच्या गावात तरी कुणाला माहीत नव्हतं.

आणि एक विद्यार्थी होता, कडबाकुट्टीत हात गेलेला. त्याच्या भावाने तुटलेली बोटं थेट बर्फात टाकून आणली होती. ती स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मग ती पिशवी बर्फात ठेवायची असते. नुसत्या बर्फाने मांस मरतं. हे शिकवायला कुणी कडबाकुट्टीच्या दुकानात बसलेलं नसतं.

अण्णांच्या दुसऱ्या, चांगल्या पायाची तपासणीही तेव्हाच झाली. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, दहा ग्रॅम दाबाला तो वाकतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर टेकवतात आणि विचारतात, लागलं का? अण्णा डोळे मिटून शांत बसले होते. तपासणाऱ्या मॅडमनी अंगठा, बोटांची मुळं, सगळीकडे टेकवून झालं. धागा डबीत ठेवला. मग अण्णांनी विचारलं, “मॅडम, सुरू कधी करताय?”

मी तेव्हा रडले. आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारात तेव्हाच.

जखम भरण्याचं काम त्यानंतर सुरू झालं आणि खरं तर तेच सगळ्यात लांब होतं. आधी जखमेतलं पाणी ओढून घेणारी निर्वात पंपाची पट्टी होती. स्पंज, वर चिकटपट्टी, नळी आणि घुंईऽ आवाज करणारं यंत्र. हाडाच्या संसर्गासाठी सहा आठवडे अँटिबायोटिक. इन्सुलिन दिवसातून चार वेळा. अंडी, डाळ, पनीर, कारण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आम्ही ‘पथ्य’ म्हणून त्यांना पेजेवर ठेवलं होतं.

जखम लाल, स्वच्छ झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता मलम विसरा. आता फक्त या जागेवर पाय टेकायचा नाही.” ज्याला दुखतं तो आपोआप लंगडतो, दुखऱ्या जागेवर भार देत नाही. अण्णांचा पाय बधिर, त्यामुळे ते जखमेवर सरळ चालायचे आणि रोज भरलेलं रोज चिरडायचं. त्यांना कुबड्या दिल्या, वॉकर दिला. पाठ वळली की पाय टेकलेलाच. म्हणून गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर. हाड मोडलेलं नाही आणि प्लास्टर का, असं येणारा प्रत्येक जण विचारायचा. ते पायाला अगदी चिकटून बसवतात, त्यामुळे भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, एका जागी येत नाही. शिवाय, डॉक्टर हसत म्हणाले, ते पेशंटला काढता येत नाही. त्याआधी रक्तप्रवाह सुधारलेला आणि पू संपलेला असावा लागतो, नाहीतर आत काय चाललंय ते कळतच नाही.

हे प्लास्टर आपल्याच देशात कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी रूढ झालं. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगाने बोटं ‘झडतात’ ही समजूत त्यांनी खोडून काढली. बोटं झडत नाहीत, बधिर झाल्यामुळे माणूस ती नकळत जाळतो, चिरडतो, घासतो. रात्री उंदीर कुरतडून जातात आणि त्याला जाग येत नाही. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांना ते मांजर पाळायला द्यायचे. मधुमेहाच्या पायाचं गणित तेच आहे, हे पुढे लक्षात आलं. आमच्या घरी धान्याची कणगी आहे आणि उंदीरही आहेत. अण्णा आता मच्छरदाणीत झोपतात, ती गादीखाली चारी बाजूंनी खोचून.

प्लास्टर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायला पुण्याची फेरी. खर्चाचं सांगायचं तर अँजिओप्लास्टी आणि मुक्काम यांतच एफडी मोडली. रुग्णालयात महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेची खिडकी असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावं. काय बसतं आणि काय नाही, हे त्याच्याकडूनच कळतं. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

जखम भरली. मग भांडण सुरू झालं ते चपलेचं. अण्णांनी आयुष्यभर कोल्हापुरी घातली. ड्युटी संपली की बूट काढून कोल्हापुरी. आता अंगठा अडकवायची चप्पलच बंद. मऊ रबराची, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची, मापावर केलेली सँडल. एमसीआर म्हणतात तिला. तीही कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली. काळी, जाड, रूपाला काही नाही. अण्णा म्हणाले, “ही महारोग्याची चप्पल घालून मी एसटी स्टँडवर जाऊ?” आईने कोल्हापुरी उचलून माळ्यावर टाकली. चर्मकाराने सँडलवर तपकिरी चामड्याचा पट्टा लावून दिला, तेव्हा कुठे ते बाहेर पडले. हा किरकोळ मुद्दा वाटेल, पण घरात पडून राहणारी चप्पल पाय वाचवत नाही आणि लाजेने पडून राहणाऱ्या चपला बऱ्याच घरांत असतील.

आषाढीला पंढरपूरला जायचा त्यांचा नेम होता. आता गर्दीत जात नाहीत. एकदा कार्तिकीनंतर, पहाटे, जाड मोजे घालून दर्शन घेतलं. दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून फोड आलेले पाय दर उन्हाळ्यात येतात, असं पायाच्या ओपीडीतल्या मॅडमनी सांगितलं होतं.

एकदा जखम भरली म्हणजे सुटलो, असं नाही. वर्षभरात शंभरातल्या चाळीस जणांना पुन्हा जखम होते. म्हणून रोज रात्री आई आरसा धरते आणि अण्णा तळवा बघतात. बोटांच्या बेचक्यात तेल नाही, कोरडं ठेवायचं. सँडल घालण्याआधी उलटी करून झटकायची. एकदा तिच्यातून मोबाइलचं सिमकार्ड काढायची पिन पडली. गरम पाण्याची पिशवी घरातून हद्दपार. घट्टा वाढला की ब्लेड नाही, सरळ ओपीडी.

करोनात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर कपाटात पडून होता, तो आता कामाला आलाय. दोन्ही तळव्यांवर तीच तीच ठिकाणं मोजायची. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा 2.2 अंश सेल्सिअसहून जास्त गरम लागू लागली, तर आत सूज धरतेय असं समजून चालणं कमी करायचं. जखम दिसण्याच्या बरीच आधी ही खूण मिळते. अण्णा हे आकडे एका वहीत मांडतात: तारीख, वेळ, डावा, उजवा आणि शेवटी ‘शेरा’ असा रकाना. डेपोत लॉगशीट भरायचे तसंच अक्षर.

मागच्या महिन्यात डाव्या पायाचा आकडा सलग दोन रात्री वर आला. वर काही दिसत नव्हतं. आई म्हणाली, उन्हामुळे असेल. अण्णांनी शेऱ्यात ‘गाडी थांबवली’ असं लिहिलं आणि सकाळी मला फोन करून ओपीडीची वेळ घ्यायला सांगितली. तिथे अंगठ्याखालचा घट्टा खरवडला, खाली रक्ताचा ठिपका निघाला, कातडी अजून फाटलेली नव्हती. सँडलच्या आतल्या तळाला त्या जागी खळगा करून दिला. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे.